दोन नोंदी, एक नाव

सुनीलदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहाडीच्या बाजारात चळवळीची पत्रकं वाटत होते. हृदयविकार, वय बेचाळीस. महिना उलटला... आता लिहिता येतंय, आणि आठवतं ते बहुतेक आनंदाचंच आहे.

दादा माझा मावसभाऊ. साकोलीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की दादा कर्नलवर काम करायचा. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाशी चालणारा प्रोग्राम. जगभरची माणसं मिळून तो लिहितात आणि कोणीही त्याचा मालक नाही, म्हणून मला तो आपल्याच चळवळीतला वाटे. हा प्रोग्राम मेमरी पानापानांनी वाटतो आणि एकेक पान किती जण वापरताहेत ते मोजत राहतो. आकडा जास्त राहिला तर पान कधीच मोकळं होत नाही. कमी झाला तर वापरातलंच पान दुसऱ्याला दिलं जातं आणि कोणाचं तरी काम मातीत जातं.

कर्नलमध्ये एका ठिकाणी काम अर्ध्यावर फसलं की पान सोडायचं राहून जाई. दादाने ते सोडणारी ओळ घातली. कर्नल सांभाळणाऱ्या लोकांकडून तीनदा परत आलेली ही दुरुस्ती चौथ्यांदा स्वीकारली गेली, नोंदीखाली त्याचं नाव. आसगावात मावशीने गल्लीभर पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी दादालाच दिसलं, की क्वचित कधी त्याच्या ओळीमुळे तेच पान दोनदा सोडलं जातं, म्हणजे आकडा कमी पडतो. तिथला रिवाज असा, की नवी दुरुस्ती पाठवताना मूळ चूक कोणत्या बदलाने झाली तेही लिहायचं, आणि ते कायम राहतं. म्हणजे पेढे वाटलेल्या कामाकडेच बोट दाखवायचं. मी भडकले.

"कोणी पकडलं नाही, तू काहून सांगून राहिला? मंग तुले दारात तरी उभं करतीन का ते?"

"कोणाचं तरी काम बुडन ना व," दादा हसला. "तुह्या पत्रकात तू सरकारले म्हणतेस, चूक कबूल करा. मी का सरकारपेक्षा मोठा झालो?"

त्याने पाठवलं. दोन दिवस त्याचा चहा टेबलावर तसाच निवत होता. मग उत्तर आलं: बरोबर आहे, घेतलं. पुढे त्या भागातल्या दुरुस्त्या ते लोक आपणहून त्याच्याकडे तपासायला पाठवू लागले.

मागच्या रविवारी वहिनी दुकानात म्हणाली, "त्याईचं नाव कुठी हाय, दाखव." मी दुसरी, बरोबर नोंद उघडली. तिने नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय होय?" जुन्या चुकीचा तो उल्लेख मी समजावला.

"मंग ते बी दाखव. कायले लपवून राहिली? ते बी त्याईचंच होय."

मी दोन्ही छापून आणल्या. आता दुकानाच्या भिंतीवर त्या एकाखाली एक आहेत. वहिनीच्या सांगण्यावरून, चुकीची वर.