वरच्या खुणेपर्यंत

“इंजिन कुठलं तेल पितंय गड्या! इकणारा गेला, आन् इंजिनाची तहान बी गेली.”

आमचा नवा ड्रायव्हर संभा बसबाहेर चहावाल्याशी बोलत होता. मी आत खिडकीआड होते, त्याला दिसत नव्हते. चहावाला हसला. विकणारा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मी नंबर तपासायच्या काचांची पेटी बंद केली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. राग आला नाही... त्या दिवसांत काहीच येत नव्हतं.

खरं तर या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते हसण्यासाठी. आमच्या घरी अंगारा-धुपारा कधी आला नाही. रविवारी विहारात जायचं, वंदना म्हणायची, आणि कुणी भुताचं बोललं की पप्पा विचारायचे, “मोजलं का कुणी?” ते आर्मीत मेकॅनिक होते. माझी शाळा सगळी कॅन्टोन्मेंटमधली, इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतंय. पण मी जे पाहिलं ते सांगते.

नव्वदीच्या दशकाचा मध्य. मिरजेच्या एका ट्रस्टची जुनी बस होती, सीटा काढून आत संसारच मांडलेला. पुढे दोन बर्थ, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. मध्ये माझी नंबर तपासायची जागा, मागे डोळ्यांचं छोटं ऑपरेशन थिएटर. बसच्या पोटात जाळीच्या दारामागे डिझेल जनरेटर. थिएटरचे दिवे त्याच्यावर. रिटायर झाल्यावर पप्पा या बसचे ड्रायव्हर झाले आणि जनरेटरही त्यांच्याकडेच आला. मी कोर्स करून त्याच बसवर लागले. वडूज, कराड, विटा... कॅम्प असेल तिकडे जायचो.

सकाळी जनरेटर सुरू करण्याआधी पप्पांचं एक ठरलेलं होतं. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची दोन खुणांची पट्टी, काढायची, पुसायची, परत बुडवायची, आणि माझ्यासमोर धरायची. “हं डॉक्टर, वाचा. कुठली ओळ दिसते?” मी डॉक्टर नव्हते, पण ते रोज असंच विचारायचे. मी सांगायचे, “खालची.” मग ते डब्यातून तेल ओतायचे. मी “वरची” म्हणेपर्यंत. पुसायला ते थिएटरमधला गॉजचा तुकडा घ्यायचे, चार घड्या घालून. कापडाचे धागे आत जातात म्हणे. सिस्टर ओरडायच्या, “अहो, गॉज पेशंटसाठी आहे!” पप्पा म्हणायचे, “हा पण पेशंटच आहे सिस्टर. म्हातारा झालाय, थोडी पितो. पिऊ दे.”

कराडच्या कॅम्पला ते चहा पिता पिता गेले. हार्ट अटॅक. कप त्यांनी नीट खाली ठेवला होता, एवढं मला आठवतं.

मग संभा आला. आणि जनरेटरचं तेल कमी व्हायचं थांबलं.

कॅम्पमागून कॅम्प झाले. संभा रोज डिपस्टिक बघायचा, रोज वरची खूण. आमचे मॅनेजर वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी बसमधला तेलाचा डबा उचलून मिरजेला ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवला आणि म्हणाले, “एवढे दिवस मग तेल जात होतं कुठे?” उत्तर सगळ्यांना माहीत असल्यासारखं होतं. ते गावापर्यंत पोचलं. मी घरी गेले तेव्हा आई रविवारची घरातच बसून होती.

“विहारात नाही गेलीस?”

“न्हाई. गुडघा दुखतोय.” जरा थांबून म्हणाली, “पोरी, तू तिथंच असायचीस न्हवं? तूच सांग. तेल इकत हुते का गं ते?”

मला “नाही” म्हणायचं होतं. पण डिपस्टिकवर मी स्वतः वरची खूण पाहिली होती. मोजलेलं होतं ते.

नंतर एकदा विट्याला थिएटरच्या चादरी बसमागे वाळत घातल्या होत्या. काढताना सिस्टर वैतागल्या, “परत तेच! हे डाग जातच नाहीत.” बारीक, पिवळट, तेलकट ठिपके. पप्पांच्या वेळेपासूनचे. मी चादर हातात घेऊन जनरेटरच्या धुराकडे बघत राहिले. उन्हात तो निळा दिसत होता. पप्पा सांगायचे, काळा धूर डिझेलचा, निळा तेलाचा.

म्हणजे तेल जळत होतं... मग खूण खाली का येत नव्हती?

आधी वाटलं, बस उतारावर उभी असेल. उतारावर डिपस्टिक खोटं बोलते. पुढच्या कॅम्पला मी सपाट जागा बघून बस लावायला सांगितली. वरची खूण. मग वाटलं, डिझेल गळून तेलात मिसळत असेल आणि पातळी भरून दिसत असेल. थेंब बोटांवर चोळून वास घेतला. डिझेलचा वास नव्हता, दाटपणाही ठीक होता. संभा बघत होता. “आवं ताई, इंजिनाचा नंबर काढताय व्हय? चष्मा लागंल का त्याला?”

मी बोटं पुसली. मिरजेला आल्यावर ती चादर घेऊन मॅनेजरांच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी चादर पाहिली, मला पाहिलं, आणि इंजिनं दुरुस्त करणाऱ्या हमीद मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी जनरेटर चालू करवला, तेल भरायचं झाकण काढलं. आतून धूर फुसफुसत वर आला. “बंद कर,” ते संभाला म्हणाले. मग इंजिनाचं हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढला. तेल अडवणाऱ्या रिंगा काजळीत जाम झालेल्या, एक तर तुटलेलीच. सिलिंडरला आतून उभे ओरखडे.

“ये तो पिणारच,” मिस्त्री म्हणाले. “कालपरवाचं नाही हे, लई जुनं आहे. रोज तेल घातल्याशिवाय चाललं कसं?”

“दोन-तीन महिने घातलेलं नाही,” मॅनेजर म्हणाले.

“मग ते मला विचारू नका साहेब.”

मॅनेजरांनी ती तुटकी रिंग कागदात गुंडाळून घेतली. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर गावी आले. आईसमोर रिंग ठेवून म्हणाले, “आमची चूक झाली. ते खरंच तेवढं तेल घालत होते.” आईने रिंग पदराने पुसली आणि पप्पांच्या फोटोपुढे ठेवली. पुढच्या रविवारी ती विहारात गेली. मला तेव्हा रडू यायला हवं होतं, असं वाटतं.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. कुणीतरी गुपचूप तेल घालत असेल, म्हणून सोडून दिलं असतं.

मिस्त्रींनी सिलिंडरला आतून नवा लायनर, पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या. धूर गेला, चादरी स्वच्छ वाळू लागल्या. पुढचा कॅम्प वडूजला. पहिल्याच सकाळी संभा माझ्याकडे आला. थट्टा नव्हती चेहऱ्यावर.

“ताई, तेल खुणेच्या वर गेलंय. म्या थेंब न्हाई वतला, आईशप्पत. डबा तर मिरजंला हाय.”

त्याने थोडं तेल काढून टाकलं, खुणेवर आणलं. दुसऱ्या सकाळी परत वर. जास्तच वर.

मिस्त्रींनी निघताना बजावलं होतं, तेल जादा झालं तर इंजिन स्वतःचंच तेल ओढून जाळायला लागतं. मग वेग हातात राहत नाही, बंद करता येत नाही. आत टेबलावर म्हातारी माणसं असतात, डोळा उघडलेला.

“आज आपरेशन नगंच म्हनूया का?” संभा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “कोन वततंय ओ ताई?”

मी त्याला चहा प्यायला पाठवलं. सकाळचं ऊन होतं, शाळेच्या पटांगणात पेशंटची रांग लागली होती, कुणाचं तरी नातवंड रडत होतं. मी जाळीचं दार उघडलं. जनरेटरच्या टाकीवर गॉजचा तुकडा होता. चार घड्या घातलेला, तेलाने ओला. संभा पोत्याच्या चिंधीने पुसायचा. गॉजचं कपाट रात्रभर सिस्टरांच्या कुलपात असायचं.

त्या सकाळी आम्ही जादा तेल काढलं, ऑपरेशनं झाली. त्यानंतर बस भंगारात जाईपर्यंत तेल कधी खुणेच्या वर गेलं नाही. मिस्त्रींना विचारलं, एका इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांना विचारलं. मोजलं होतं, एवढंच सांगू शकते.

पण त्याआधी, संभा चहाला गेलेला असताना, गॉजला मी हात लावला नाही. दारापाशी उकिडवी बसले. कितीतरी दिवसांत मी कामापुरतंच बोलले होते. कुणी ऐकत नाही ना, हे एकदा बघितलं, आणि म्हणाले,

“पप्पा, आता तो पीत नाही. नका ओतू.”