सासूबाईंनी केलेली माझी बाहुली

बाहुल्यांचा वर्ग मी माझ्यासाठी लावला होता. सासूबाई आल्या त्या निव्वळ घरी एकट्या बसायला नको म्हणून.

मी शहरातल्या एका शाळेत बालवर्गाला शिकवते. चार-साडेचार वर्षांची पोरं. गोष्ट सांगायला लागले की निम्मी माझ्याकडं बघायची, उरलेली एकमेकांच्या वेण्या ओढायची. एकदा शाळेच्या ग्रुपवर निरोप आला, शनिवार-रविवार हातबाहुल्या करायला आणि खेळवायला शिका, साहित्य आपलं आपण आणा. मी लगेच नाव दिलं.

सासूबाईंना मी आई म्हणते. सासरे गेल्यावर त्या लासूर स्टेशनहून आमच्याकडं राहायला आल्या, त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. तिकडं माझे दीर आणि थोरल्या जाऊबाई शेती बघतात, घर भरलेलं आहे. पण त्या घरात जिकडं जावं तिकडं सासऱ्यांची आठवण, म्हणून आईंनाच तिथं राहवेना. इकडं आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वेगळीच अडचण. मी शाळेत, नवरा वाळूजच्या कंपनीत, मुलगी शिकायला पुण्यात. आई दिवसभर गॅलरीत उभ्या. भाजी निवडून झाली, कपड्यांच्या घड्या झाल्या, तरी दुपार उरलेलीच. टीव्हीवर त्यांचा राग होता. "त्यात सगळे एकाच वक्ताला बोलत्यात," म्हणायच्या.

त्या शनिवारी नवऱ्याची शिफ्ट होती. मी म्हटलं, "आई, चला माझ्यासोबत. तुम्ही नुसत्या बसा."

"कशाचा वर्ग हाय?"

"बाहुल्यांचा."

"तुला शाळंत लेकरं कमी पडायलीत व्हय?" असं म्हणत त्या चांगलं पातळ नेसायला आत गेल्यासुद्धा.

जाता जाता बटणं घ्यायला शहागंजात थांबलो. लेस, बटणं, टिकल्या विकणारं अरुंद दुकान. आई माझ्याआधी पुढं झाल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "आँखां होना."

तो म्हातारा गृहस्थ जराही हसला नाही. "किसकी आँखां, अम्मा?"

"बाहुली की."

"आदमी की, के औरत की?"

आईंनी माझ्याकडं बघितलं. मलाही माहीत नव्हतं. "अभी ठरा नै," त्या म्हणाल्या. त्यानं मग दोन-तीन डबे उपडे केले आणि बराच शोध घेऊन काळ्या बटणांची एक जोडी काढली. "ये लो. दोनों कू चलतीं." ती जोडी आईंनी माझ्या पर्समध्ये टाकू दिली नाही. रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून कमरेला खोचली. नुसत्या बसणार होत्या, पण डोळे मात्र त्यांच्या ताब्यात होते.

वर्ग एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. आम्ही दहा-बारा जण. बहुतेक शिक्षिका, दोन-तीन कॉलेजची मुलं. शिकवणारी मुलगी बाहेरगावाहून आलेली, तिशीतली, बारीक आवाजाची. सगळे तिला ताई म्हणत होते, आई एकट्या "पोरी" म्हणायच्या. तिनं आल्या आल्या आम्हाला एक हात वर धरून उभं केलं आणि म्हणाली, "हा हात आता तुमचा नाही. तो आधी श्वास घेईल, मग इकडं-तिकडं बघेल, आणि वाटलं तर बोलेल." दोन मिनिटांत माझा खांदा भरून आला. आईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या हात वर केला होता. ताईनं ते पाहिलं आणि काही न विचारता एक मोजा नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवला.

दुपारपर्यंत त्या मोज्याला डोळे आले, लाल कापडाची जीभ आली. खेळवायची वेळ आली तेव्हा मात्र आईंची फजिती झाली. बाहुलीचं तोंड मिटलेलं आणि आईंचं चाललेलं. बाहुली भिंतीकडं बघतेय आणि आई समोरच्यांशी गप्पा मारतायत.

ताई म्हणाली, "आजी, बाहुली बोलते तेव्हा तुम्ही तिच्याकडं बघायचं. आमच्याकडं नाही."

"बोलायचं तुमच्याशी अन् बघायचं मोज्याकडं?"

"हो. तुम्ही तिच्याकडं बघितलं की आम्हीपण तिच्याकडंच बघतो."

"आन् मंग मला कोण बघंल?"

सगळे हसले. आई हसल्या नाहीत. त्यांनी मोजा काढून घडी करून ठेवला. घरी जाताना स्कूटरवर मागं बसून म्हणाल्या, "मी नाय येत उद्या. त्या पोरीला काय कळतंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी तयार होऊन दाराशी उभ्या होत्या. मी स्कूटरची किल्ली उचलली.

तो दोन दिवसांचा वर्ग संपला. आठवड्यानं मी शाळेतून जरा लवकर आले. माझ्या किल्लीनं दार उघडलं, तर आतून बोलण्याचा आवाज. आई आमच्या बेडरूममधल्या आरशासमोर बसल्या होत्या. हातात मोजा. त्या बाहुलीकडं बघत होत्या आणि बाहुली आरशातल्या आईंना झाडत होती. "तोंड उघड की. भाकर खाताना कसं उघडती? तसं उघड." मी पाय न वाजवता मागं फिरले, दार बाहेरून ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

दुसरा वर्ग थंडीत होता, सलग चार दिवसांचा. या वेळी आईंचं नाव मी माझ्या नावाच्या आधी दिलं. आता कागदाच्या लगद्याचं डोकं करायचं होतं. लगद्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची, असं आईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, कारण त्यांच्या आई कागदाच्या टोपल्यांना तशीच घालायच्या. ताईनं घालू दिली. चार दिवस त्या हॉलला बाळंतिणीच्या खोलीचा वास येत होता आणि डोकी मात्र वाळता वाळत नव्हती. एका शिक्षिकेनं घरून हेअर ड्रायर आणला तेव्हा कुठं काम पुढं सरकलं.

ताईनं सांगितलं होतं, रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसाची बाहुली करा. मी आईंची करायला घेतली. पांढऱ्या लोकरीचा अंबाडा, त्यांच्याच जुन्या पातळाचा तुकडा. आई माझी करायला लागल्या. दोघी एकमेकींकडं पाठ करून बसलो होतो, तरी मध्येच त्या वळून माझ्या चेहऱ्याकडं डोळे बारीक करून बघायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बाहुली माझ्यासमोर धरली. रुंद कपाळ, घट्ट बांधलेले केस, तारेचा चष्मा, खांद्याला शिवलेली बोटभर पर्स. तोंडाची एक बाजू जरा वर गेलेली.

"तोंड वाकडं झालं का हो, आई?"

"वाकडं नाय. तू तशीच हसती."

शेवटच्या दिवशी ताईनं एका टेबलावर चादर टाकून पडदा केला. जो तो आपण केलेली बाहुली खेळवणार होता. म्हणजे आईंच्या हातात मी आणि माझ्या हातात आई. "काय बोलायचं ते आधी ठरवायचं नाही," ताई म्हणाली. "या दोघी एकमेकींना कुठंतरी भेटतात, एवढंच."

पडद्यामागं आम्ही दोघी गुडघ्यांवर उभ्या. म्हणजे मी गुडघ्यांवर, आई स्टुलावर. आधी त्यांची बाहुली वर गेली. मला वाटलं, आता ही इकडून तिकडं पळणार, "आले आई, निघाले आई" करणार आणि लोक हसणार. पण ती बाहुली पळाली नाही. तिथं ठेवलेल्या एका खोक्यावर जाऊन बसली. पर्स मांडीवर घेतली. आणि बसून राहिली. काहीच करेना. नुसता श्वास घेत होती, ताईनं शिकवला होता तसा.

ताईनं मला खूण केली. मी माझ्या हातातली सासू वर नेली. "काय गं, इथं कामून बसलीस?"

आई खालच्या आवाजात म्हणाल्या, "गाडीवर बसलीय."

माझा हात जागच्या जागी थांबला. शाळेतून आल्यावर मी पार्किंगमध्ये स्कूटर लावते, बंद करते आणि लगेच वर जात नाही. तशीच सीटवर बसून राहते थोडा वेळ. मोबाइलसुद्धा काढत नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही मला वाटलं नव्हतं. आमच्या गॅलरीतून पार्किंग सरळ दिसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझ्या हातातल्या सासूनं विचारलं, "वर यायला जिवावर येतं का तुला?" प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं की मी काय विचारलं.

आईंच्या हातातल्या बाहुलीनं हळूहळू मान वळवली. आई आता पूर्णपणे तिच्याकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही.

"नाय वो, आई," ती म्हणाली. "दिवसभर लेकरायची बाई असती. वर आली की घरची असती. मधी जरा कुणाचीच नसती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात वर होता, पुसायचं कसं? माझ्या सासूला तर उत्तर द्यायचं होतं. "मग बस की निवांत," मी म्हटलं. "मी चहाचं आधण ठेवती. उकळू दे किती उकळायचं ते."

"साखर कमी टाका."

"तू नको शिकवू मला."

पडद्यापुढं हशा पिकला. आम्ही दोघींनी बाहुल्या खाली घेतल्या. आईंनी आधी खांदा चोळला, मग पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि त्याच पदराचं टोक माझ्याकडं केलं.

घरी जाताना स्कूटरवर मागं त्या बाहुल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सिग्नलला एवढंच म्हणाल्या, "हात लई दुखायलाय."

"घरी गेल्यावर शेकू," मी म्हटलं.

सोमवारी शाळेतून आले. पार्किंगमध्ये बसले आणि न राहवून वर बघितलं. गॅलरी रिकामी होती. दार लावलेलं, पडदाही ओढलेला. वर गेले तर चहा दोनदा उकळून काळा झालेला. आम्ही तो तसाच प्यायलो. पुढंही मी यायच्या वेळेला गॅलरीचा पडदा ओढलेलाच असायचा. मी बसायची तेवढी बसायची.

त्या उन्हाळ्याआधी मी आईंना शाळेत नेलं. आमच्या बालवर्गाला दोन बाहुल्यांचा भाजीबाजार दाखवायचा होता. मी खरेदी करणार, आई विकणार. सगळं पाठ केलेलं. पाच मिनिटं छान चाललं, आणि वांग्याच्या भावावरून भांडण रंगात आलं तेव्हा आईंनी बाहुलीची मान इतक्या जोरात हलवली की भाजीवालीचं डोकं मानेतून निसटलं, पडद्यावरून उडालं आणि पोरांच्या मधोमध जाऊन पडलं.

वर्ग एकदम चिडीचूप. मला वाटलं, आता कुणीतरी रडणार आणि त्याच्यामागं सगळे. पडद्याच्या वर बिनडोक्याची भाजीवाली तशीच उभी होती. तिनं दोन्ही हातांनी आपल्या मानेच्या आसपास चाचपडलं.

"अगं बाई! मपलं मुंडकं कुठं गेलं? आता मी भाव कशानं सांगू? द्या बरं कुणी!"

पोरं अशी ओरडली की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. एका मुलीनं ते डोकं दोन्ही हातांत धरून, अजिबात न हलवता, पडद्यापर्यंत आणलं. भाजीवालीनं तिला एक टमाटा फुकट दिला. खेळ संपल्यावर पोरं मला घेरून एकच मागत होती, परत डोकं पाडा. आई बाहेर व्हरांड्यात पाणी पीत बसल्या होत्या. "परत पडायचं नाय ते," त्या म्हणाल्या. "मी काय मुद्दाम पाडलं व्हय?" पण घरी आल्यावर मान जरा सैलच बसवली.

दिवाळीला आई लासूरला गेल्या. आठ दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि राहिल्या. दिरांचा फोन आला की आईचा बेत काय आहे कळत नाही, परत जायचं नाव काढत नाही. मी आईंनाच विचारलं.

"करमतंय आता," त्या म्हणाल्या. "तुह्या सासऱ्याच्या खोलीतच बसती. उजेड लई चांगला हाय तिथं." मग म्हणाल्या, "तुला राग नाय ना?"

"नाही, आई. पण महिन्यातून एकदा तरी या."

आता त्या थोड्या तिथं, थोड्या इथं असतात. इकडं आल्या की शहागंजात फेरी होतेच. तिकडं गावातल्या शाळेनं त्यांना दोनदा बोलावलं. फोन मात्र रोज येतो, मी वर जाऊन हातपाय धुतल्यावर.

काल म्हणाल्या, "थोरलीची बाहुली करायली. नाक काय जमंना. तिला म्हटलं, जरा समोर बस. तर बसती, पण मी नाकाकडं बघितलं की रागावती."

"आई, आधी बाहुली तिच्या हातात तर द्या. मग नाही रागावणार."

"देती की," आई म्हणाल्या, "आधी नाक तर होऊ दे." मागून जाऊबाईंचा आवाज आला, "नाक बारीक करा म्हणावं त्यायला!" आणि मग दोघींचं तिथंच जुंपलं. मी फोन कानाला धरून चहा ठेवला.