पाइपवर गुंडाळलेली रजई

चांगली झोप कशी लागते, ते मला विचारू नका. सगळे उपाय करून बसलेय मी.

आमचे हे कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीचे मिस्त्री. बावीस वर्षं झाली. मशीनघराच्या भिंतीला लागूनच आमची क्वार्टर. दिवसा झोपायचे, म्हणजे नुसते आडवे व्हायचे. कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला की ताडकन उठून बसायचे. "तेल कमी पडलंय," म्हणायचे, आणि खरंच पडलेलं असायचं. एकदा हातात घास तसाच धरून डुलक्या घ्यायला लागले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

दिवसपाळीला माझा धाकटा भाऊ. यांनीच चिकटवलेला. मशीनमधल्या अमोनिया गॅसच्या कुठल्याही कामाला यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, अशी यांची सक्त ताकीद. त्या गोंगाटात फोनवर बोलणार काय, कपाळ? म्हणून दोघांची एक खूण ठरली होती. आमच्या खोलीतून पाण्याचा पाइप जातो, त्यावर त्याने तिकडून पान्याने ठोकायचं. दोन ठोके म्हणजे सवडीने या, तीन म्हणजे असाल तसे या. पण धाकटा पडला घाबरट. तेलाचा डबा सापडला नाही तरी तीन ठोके! हे बिचारे बनियनवरच धावत सुटायचे.

"अरे, माणूस आहेत ते, घरगडी नाहीत तुझे," मी त्याला तोंडावर सुनावलं होतं.

तो ओशाळून हसला. "ताई, भाऊजी आले की मला धीर येतो गं."

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर हृदय साथ देणार नाही. मग मी कंबर कसली. खिडकीला जाड काळा पडदा लावला, कामावरून आल्यावरचा चहा बंद केला, फोन कपाटात, कानात कापूस. "पाइपला मात्र हात लावू नकोस," असं बजावून हे झोपले. यांचा डोळा लागल्यावर मी जुनी रजई पाइपला गुंडाळून सुतळीने आवळली.

चौथ्या दिवशी हे घोरायला लागले. तोंड उघडं, हातपाय सैल. मी दारात बसून बघत राहिले. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

दुपारी तीनला रजईखालून आवाज आला. ठक, ठक, ठक. अगदी बारीक. 'घ्या, हरवला मेला तेलाचा डबा,' म्हटलं मनात. थोड्या वेळाने पुन्हा तीन. ह्यांनी कूस बदलली. मी उठले आणि दोन्ही हातांनी रजई पाइपवर दाबून धरली. हाताला ठोके लागत होते. बराच वेळ लागत होते. मग थांबले.

त्यानंतर दाराच्या फटीतून तो उग्र वास आला.

गॅसचा व्हॉल्व्ह फुटला होता. बाहेर पळायचं दार चार पावलांवर होतं. धाकटा पाइपपाशीच सापडला, हातात पाना.

रजई मी बांधली, हे सगळ्यांना सांगितलं मी. रजईमुळे ऐकू गेलं नाही, असंच सगळे म्हणतात. हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत. आता हे झोपतच नाहीत. पाइपवर हात ठेवून बसून असतात.

काल यांनी विचारलं, "तू तर जागी होतीस. तुला तरी काही ऐकू आलं होतं का गं?"

"नाही," म्हणाले मी. "पडा आता थोडा वेळ."