बंद पडद्यासमोर

एकोणीसशे एक्क्याऐंशी साल, मी त्रेचाळीस वर्षांचा. नाट्यगृहात पडदा ओढायचं काम माझं. परदेशातली बॅले कंपनी आली होती. दुपारी त्यांची दुभाषी बाई मला म्हणाली, "काका, शेवटी सगळे वाकून गेले की मुख्य नर्तकी एकटी येते. तो तिचा मान असतो. तोवर पडदा टाकू नका."

"बाई, वीस वर्षं पडदा टाकतोय मी. खेळ संपला की पडदा. मला शिकवू नका."

खेळ संपला. सगळे ओळीनं वाकून आत गेले आणि मी दोर सोडला. दिवे लागले, लोक उठले, खुर्च्या वाजू लागल्या.

मग ती विंगेतून आली. पडदा दिसला तरी थांबली नाही. मधोमध गेली, एक पाय मागं घेतला आणि त्या बंद मखमलीसमोर सावकाश वाकली, पार जमिनीला टेकेपर्यंत. तिच्या बुटाच्या टोकाला रक्त लागलेलं होतं.

मागच्या रांगेत किती वर्षं नाचल्यावर माणसाला असं एकट्यानं उभं राहायला मिळत असेल? ते अर्धं मिनिट तिचं होतं. दोर माझ्या हाताशीच होता. ओढला असता तर लोक दारातून वळलेही असते. पण चुकलो म्हणायला हात उचलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरांनी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

दुभाषी बाई शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "नाही."