कात्रीचा दिवस, मशीनचा दिवस

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू, केस कापण्याचं दुकान चालवतात. मी हिशेब खात्यात आयुष्य काढलेला माणूस, म्हणून ते मला 'हिशेबनीस' म्हणतात. मी त्यांना साडूबुवा म्हणतो. दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक लांबट खोली: समोरासमोर दोन आरसे, पाय ठेवायला लोखंडी पट्टी असलेली एक जड खुर्ची आणि वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक. जागा स्वतःची आहे. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला की भोवरा कुठे आहे, केस कुठे विरळ आहेत, हे त्यांना कळतं. मग कात्री चालते ती न थांबता.

ही कात्री एके दिवशी सकाळी हातातून पडली. आधी वाटलं, थंडीमुळे असेल. पण रोज सकाळी बोटं मिटेनात, मनगटं सुजू लागली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून संधिवाताचं निदान केलं. औषध नियमित, सांध्यांना हलका व्यायाम, आणि दुखणं उसळेल तेव्हा विश्रांती, असं त्यांनी सांगितलं.

साडूबुवांचा मुलगा मालवाहतुकीच्या कचेरीत आहे, गाड्यांची वेळापत्रकं आखण्यात हुशार. त्याने वडिलांचंही वेळापत्रक आखून आरशाच्या कडेला चिकटवलं. उठणं, चालणं, बोटांचा व्यायाम, दुकान उघडणं, सगळं वेळेवर. मला ते फार आवडलं. साडूबुवाही मोडेन पण वाकणार नाही या जातीचे. काही आठवडे त्यांनी ते तंतोतंत पाळलं.

मग एका सकाळी बोटं लाकडासारखी झाली. कागदावर व्यायाम लिहिला होता, म्हणून त्यांनी तो दात आवळून केला. कागदावर दुकान लिहिलं होतं, म्हणून तेही उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाची दाढी करताना वस्तरा घसरला आणि कानाखाली लागलं. जखम लहानच होती, पण साडूबुवांनी वस्तरा पुसून खणात ठेवला, दार ओढून घेतलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. वेळापत्रक फाडलं. व्यायाम सुटला, चालणं सुटलं, औषधाची गोळीही कधी घेत, कधी नाही.

मुलगा घाबरला. त्याच्या ओळखीचा एक चष्मेवाला जागेच्या शोधात होता. मुलाने विचारलं, "बाबा, देऊन टाकू का दुकान भाड्याने?" साडूबुवा भिंतीकडेच बघत म्हणाले, "कर काय करायचं ते." ठरलं असं, की हिवाळा संपला की चष्मेवाल्याने जागा बघायला यायचं.

त्याच आठवड्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, माझ्यासमोरच नवऱ्याची बिनपाण्याने केली.

"अहो, एक विचारू? येईल त्याचं डोकं तुम्ही एकसारखंच भादरता का हो?"

"काहीतरीच काय! जसे केस तशी कात्री."

"मग रोजचा हात एकसारखा असायला पाहिजे, हा हट्ट का? आज हात कसा आलाय ते बघा, आणि तसं वागा. सगळं नाही जमलं तर काहीच नाही, हा कुठला न्याय? आणि गोळीच्या बाबतीत मात्र लाड चालणार नाहीत. ती रोज."

"हिशेबनीस, बघा हो, बायको मला माझाच धंदा शिकवतेय."

"फी घेत नाहीये, तोवर शिकून घ्या," मी म्हणालो.

ते हसले. बऱ्याच दिवसांनी.

डॉक्टरीणबाईंना विचारून मग त्यांनी स्वतःची रीत बसवली. उठल्यावर कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायचं आणि मगच दिवसाचं नाव ठेवायचं. बोटं सहज मिटली तर कात्रीचा दिवस: कालव्याच्या पुलापर्यंत चालणं, सगळा व्यायाम, दुकानात कात्री आणि वस्तरा दोन्ही. बोटं कुरकुरली तर मशीनचा दिवस: गल्लीतच फेरी, अर्धा व्यायाम, फक्त मशीनने केस. बोटं मिटलीच नाहीत तर गप्पांचा दिवस: पातेल्यातच बोटं हळूहळू उघडायची-मिटायची, बाकी विश्रांती. दुपारी बरं वाटलं तर दुकान उघडून नुसतं बसायचं. लोकांनी पेपर वाचावा आणि जावं. काहीच न करण्याचा दिवस मात्र यादीत ठेवला नाही. उभं राहणं कमी व्हावं म्हणून चाकांचं उंच स्टूल आलं. कात्रीच्या कड्यांना सायकलच्या मुठीचं रबर गुंडाळलं गेलं.

गिऱ्हाइकांना कळावं म्हणून दारावर टॉवेल लावायची युक्ती ताईंची. पांढरा असला तर कात्री, निळा असला तर मशीन, टॉवेलच नसला तर नुसत्या गप्पा. एकदा ताईंनी धुतलेले सगळे टॉवेल दाराबाहेरच्या दोरीवर वाळत घातले. बाहेर चार माणसं जमली. एक जण आत डोकावून म्हणाला, "मालक, आज काय, निम्मं डोकं कात्रीने आणि निम्मं मशीनने?" साडूबुवा म्हणाले, "आज बायकोचा दिवस आहे. तिलाच विचारा."

हिवाळा काही सोपा गेला नाही. गप्पांचे दिवस लागोपाठ आले की मुलगा माझ्याकडे बघायचा आणि मी खिडकीबाहेर. पण पूर्वी एक वाईट दिवस आला की पुढचे सगळे घेऊन जायचा. आता तो एकटाच येऊन एकटाच जायचा. थंडी सरली तेव्हा साडूबुवा पुलापर्यंत जाऊन येत होते. दुकान मात्र अजून मुलाने चष्मेवाल्याला दिलेल्या शब्दावर अडकलेलं होतं, कारण मुलाच्या मनातून तो वस्तरा गेला नव्हता. "काका, हट्टाच्या भरात त्यांनी पुन्हा कुणाला कापलं तर?" तो मला म्हणायचा.

ठरल्याप्रमाणे तो चष्मेवाल्याला घेऊन आला तेव्हा मीच खुर्चीत होतो. मशीनचा दिवस होता. चष्मेवाला भिंती बघत उभा राहिला. इतक्यात कोट घातलेला एक तरुण घाईघाईने आत आला.

"मालक, मुलाखत आहे. वस्तऱ्याने गुळगुळीत दाढी पाहिजे. दुप्पट पैसे देतो."

मुलाचा चेहरा उतरला. बापाचा स्वभाव त्याला माहीत होता. त्यातून परका माणूस बघत उभा. अशा वेळी साडूबुवा काय करतील, याची मलाही धास्ती वाटली.

साडूबुवांनी बोटं एकदा मिटून पाहिली. "आज वस्तरा नाही," ते म्हणाले. "हात तयार नाही. कोपऱ्यावर दुसरं दुकान आहे, हात चांगला आहे त्याचा. मी पाठवलंय म्हणून सांग. नोकरी लागली की केस कापायला ये इकडे."

तरुण हसून पळाला. साडूबुवांच्या आवाजात ना संकोच होता, ना रुसवा. पाऊस येईल, छत्री घे, असं सांगावं तसं ते बोलले होते.

मुलाने बापाच्या हातांकडे पाहिलं. मग चष्मेवाल्याकडे वळून म्हणाला, "माफ करा, तुम्हाला उगाच खेप पडली. ही जागा द्यायची नाही. चालतंय दुकान."

चष्मेवाला समजूतदार निघाला. "दिसतंय की," म्हणाला आणि गेला.

"काय रे," साडूबुवा म्हणाले, "घरातला एवढा मोठा निर्णय, आणि मला न विचारता?"

"द्यायचं ठरवलं तेव्हा विचारलं होतं बाबा. तेव्हा तुम्ही भिंतीला उत्तर दिलंत."

साडूबुवा स्टूल सरकवून माझ्या मागे आले, दोन बोटांनी माझी मान खाली वाकवली आणि मशीन सुरू केलं.