शटर ओढलेला टीव्ही

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. कुणाच्या अंगात आलं, कुठे रात्रीत पावलं उमटली... अशा बातम्या मीच कापायचो. म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. मला कायम रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायचो, उठायला दुपारचे चार. तोवर बायको, सुनंदा, आमच्या तीन वर्षांच्या मीनूला एकच सांगायची — "गप्प. बाबा झोपलेत." संध्याकाळी मी निघालो की टीव्ही सुरू, म्हणजे सुनंदाला स्वयंपाक उरकता यायचा. मीनू टीव्हीसमोरून हलत नसे. बोलत तर नव्हतीच. एक शब्दही नाही.

डॉक्टर म्हणाले, "टीव्ही बंद करा, तिच्याशी बोला. नवा शब्द आला की वेळेसकट लिहून ठेवा." आम्ही टीव्हीचं लाकडी शटर ओढून कुलूप घातलं. बोलायचं मात्र राहून जायचं. दोघंही दमलेले असायचो.

आठवड्याभरात एका दुपारी आवाजाने जाग आली. मीनू बंद शटरसमोर मांडी घालून बसली होती.

"मीनू," ती म्हणाली. थांबली. मग, "झोपलेत." पुन्हा थांबली आणि हसली.

कुणी विचारावं आणि तिने उत्तर द्यावं, तशी. मी हाक मारली, तर गप्प.

रोज तेच. सुनंदा घाबरली. "अहो, तो डबा आधी घराबाहेर काढा." टीव्ही चेंबूरला माझ्या ताईकडे पोचवला. मीनू पुन्हा मुकी झाली. सुनंदा मीनूचे शब्द लिहायची ते भिंतीवरचं कॅलेंडर नऊ दिवस कोरं. मग बुधवारच्या चौकटीत सुनंदाने लिहिलं — 'वरणभात. चार दहा. टीव्हीच्या रिकाम्या टेबलाकडे बघून.'

रविवारी ताई आली. "तुझा टीव्ही परत घे बाबा. बुधवारी चहा टाकला होता, चार वाजून गेलेले. टीव्हीतून कुणी बाई बोलली."

"शेजारचा रेडिओ असेल."

"माझे कान शाबूत आहेत रे! अजून प्लगसुद्धा लावलेला नाही. मोठा पेपरवाला ना तू? लिहून घे. म्हणाली, 'आज काय जेवलीस?'"

सुनंदाने कॅलेंडरकडे पाहिलं. ताईला त्यातलं काही माहीत नव्हतं.

टीव्ही भंगारात गेला. मी दिवसपाळी मागून घेतली. सहा महिन्यांत मीनू वाक्यं बोलू लागली. डॉक्टरांना त्यात नवल वाटलं नाही.

एका संध्याकाळी कामावरून आलो, तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "आज काय जेवलीस?" असं मी पहिल्यांदाच विचारत होतो.

"मघाशी सांगितलं ना," ती कंटाळून म्हणाली.

मी सुनंदाकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

योगायोग, ताईला झालेला भास... सगळं लावून पाहिलं. काहीच बसत नाही. त्यानंतर मात्र मी घरी आलो की चपला काढायच्या आधी तिला विचारायचो.