काचेतलं कुंकू

मी आजवर तीन वस्तू दुरुस्त केल्या आणि तिन्ही नंतर नव्या घ्याव्या लागल्या. चौथी वस्तू माझी नव्हती. ती सासऱ्यांच्या गाडीची पुढची काच होती.

सासरे भिंगारला राहतात. आयुष्य लष्कराच्या डेपोत गेलं. निवृत्त झाले तरी चपलासुद्धा रांगेत काढतात. आपली गाडी ते कुणाला देत नाहीत. (थोरल्या जावयाने मागितली तेव्हा "सर्व्हिसिंगला आहे" म्हणाले. गाडी त्यांच्या मागेच उभी होती!) पण नवरात्रात माझ्या आईला मोहट्याच्या देवीला न्यायचं म्हणून मला मात्र दिली. "जावईबापू, नेताय तशीच ठेवा. दसऱ्याला सकाळी मी तुमच्याकडे देवळालीला येऊन घेऊन जाईन," एवढंच म्हणाले. बारा वर्षांत त्यांनी माझ्यावर टाकलेला हा पहिला विश्वास!

आणि परतीच्या वाटेवर पुढच्या डंपरमधून एक खडा उडाला. टण्! काचेवर तिळाएवढा टवका आणि त्याभोवती बारीक चिरांची चांदणी. डंपरवर ताडपत्री टाकायला काय जातं, मी विचारतो! मी हॉर्न मारला, तर ड्रायव्हरने हात बाहेर काढून मला "जा पुढं" केलं. जखम करून वर वाट देतोय!

काचवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्ताच आना. आत घान गेली की डाग ऱ्हातो बघा." खंडेनवमी दोन दिवसांवर आलेली, घरात आवराआवर. हा म्हणतो आत्ताच या! शेजारचे बबनतात्या म्हणाले, "कशाला जातो? किट मिळतं दुरुस्तीचं. लई सोपं हाय." तात्यांनी स्वतः सायकलचं पंक्चरसुद्धा कधी काढलेलं नाही, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

किट आलं ते थेट खंडेनवमीच्या सकाळी. त्यातला पातळ रस टवक्यात दाबून भरायचा, उन्हात वाळवायचा, वरचा फुगवटा ब्लेडने खरवडायचा आणि पॉलिश करायचं. झाली काच आरशासारखी! मी टवका साफ केला, नजरेतून सुटू नये म्हणून त्याभोवती मार्करने सुबक गोल काढला आणि चष्मा शोधायला घरात गेलो. चष्मा देवापुढे नव्हता, टीव्हीवर नव्हता, फ्रिजमध्येही नव्हता. (मागे एकदा तिथे सापडला होता.) दहा मिनिटांनी बाहेर येतो तर काय! माझा चष्मा आईच्या नाकावर, तिच्या हातात पूजेचं ताट आणि काचेवरच्या गोलाच्या बरोबर मधोमध ओलं कुंकू! वर अक्षता!

"आई! हे काय केलंस?"

"खंडेनवमी हाय आज. इळा, कोयता, तुजी स्कूटी, समद्यांची पूजा केली. पावन्याची गाडी तेवढी उपाशी ठिवू व्हय?"

"पण नेमकं तिथेच?"

"तूच गोल आखून ठिवला हुतास की! मला वाटलं, पोरगं शानं झालं."

मी रागारागाने फडकं ओलं केलं आणि कुंकू खसाखसा पुसलं. बायकोच्या हेअर ड्रायरने काच वाळवली. ("तो केसांसाठी आहे," ती म्हणाली. आज मला कुणी सुखाने काही करू देत नव्हतं!) मग रस भरला, ऊन दाखवलं, ब्लेड चालवलं, हात दुखेपर्यंत पॉलिश केलं. बोट फिरवलं तर खड्डा नाही, खरखर नाही. अभिमानाने ऊर भरून आला. तेव्हा कुठे आईकडून चष्मा मिळाला.

टवका खरंच नाहीसा झाला होता. पण मी पुसलेलं कुंकू फडक्यावर कमी आणि चिरांमध्ये जास्त गेलं होतं. रसाने ते प्रत्येक चिरेत नीट नेऊन पोचवलं होतं. काचेच्या पोटात आता लालभडक चांदणी होती आणि तिच्यावर एकदम पारदर्शक फिनिशिंग!

दसऱ्याला सकाळी सासरे आले. गाडीभोवती एक फेरी मारली.

"वा! पूजापण केलीत," म्हणत त्यांनी इस्त्रीचा रुमाल काढला आणि बाहेरून कुंकू पुसलं. जाईना. मग आत बसून आतून पुसलं. जाईना. पुन्हा बाहेर आले.

"जावईबापू, हे कुंकू नेमकं कुठल्या बाजूला आहे?"

"मधे," मी म्हणालो.

त्यांनी रुमालाची घडी घातली, आईला नमस्कार केला, मला आपट्याचं पान दिलं आणि गाडी घेऊन गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं! चूक डंपरची, तात्यांची, आईची. आणि मान खाली कुणाची? माझी!

परवा बायकोच्या मावशींना भेटायला जायचं होतं, म्हणून धीर करून भिंगारला गेलो. फाटकातच गाडी मागितली.

"सर्व्हिसिंगला आहे," सासरे म्हणाले.

गाडी त्यांच्या मागेच उभी होती. काचेतलं कुंकू फाटकातूनसुद्धा स्वच्छ दिसत होतं. शेवटी फिनिशिंग कुणाचं होतं!